सामुराईच्या डोक्यावरून काळ कसा ओळखायचा

मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढताना एकदा मी तेराव्या शतकातल्या जपानी योद्ध्याला अठराव्या शतकातलं डोकं दिलं होतं. चिलखत बरोबर होतं, तलवार बरोबर होती, घोड्याचा साजही पुष्कळ शोधून काढला होता. केस मात्र चारपाचशे वर्षं पुढचे निघाले. पुस्तक छापून झाल्यावर ते लक्षात आलं आणि अजून मनाला लागून राहिलं आहे. तेव्हापासून कुठलंही जपानी चित्र हाती आलं की मी आधी डोकं बघते. ही सवय अंगवळणी पडायला मला बराच वेळ लागला. तुम्हाला तेवढा लागू नये, म्हणून तिची रीत इथे क्रमाने लिहिते. चित्र काढणारे, नाटकाची रंगभूषा करणारे, कादंबरी लिहिणारे आणि जपानी सिनेमे आवडीने बघणारे, या सगळ्यांच्या ती कामाला येईल.

सगळ्यात आधी आपल्या मनातली शेंडी बाजूला ठेवायला हवी. मराठी माणूस सामुराईची गाठ बघतो आणि पटकन तिला शेंडी म्हणतो. शेंडीत कडेचं सगळं भादरून मागच्या टाळूवरचे केस राखतात. सामुराईच्या डोक्यावर याच्या बरोबर उलट असतं. कपाळापासून टाळूपर्यंतचा मधला भाग वस्तऱ्याने साफ, आणि कानशिलांवरचे, मागचे केस लांब राखलेले. ते लांब केस मागे एकत्र बांधायचे आणि त्यांचं टोक पुढे, साफ केलेल्या टाळूवर आणून ठेवायचं. एवढं पक्कं झालं की अर्धी चूक टळते.

पायरी पहिली: गाठ नंतर, कपाळ आधी

सगळ्यांची नजर गाठीवर जाते. पण काळ सांगतो तो भादरलेला भाग. त्याला साकायाकी म्हणतात. चित्र समोर आलं की पहिला प्रश्न असा विचारा: साकायाकी आहे का? असली तर किती रुंद आहे, आणि तुळतुळीत आहे की खुंट वाढलेले आहेत?

बाकीचे चार शब्दही माहीत असू द्या, पुढे सारखे लागतील. कानशिलांवरून मागे ओढलेल्या बाजूच्या केसांना बिन म्हणतात. मानेवरच्या मागच्या भागाला ताबो. केस जिथे एकत्र बांधले जातात ते मूळ म्हणजे मोतोदोरी. आणि बांधून दुमडलेली गाठ म्हणजे ‘मागे’. हा जपानी शब्द, आपला मराठी ‘मागे’ नव्हे. चोनमागे हा आपल्याकडे पोचलेला शब्द त्या गाठीचाच. खरं तर तो विरळ केसांच्या म्हाताऱ्यांच्या बारक्या गाठीसाठी होता, नंतर सरसकट सगळ्या गाठींना लागू झाला.

पायरी दुसरी: शिरस्त्राण आठवा

हे केस असे का, याचं उत्तर डोक्यावर काय घातलं जात होतं यात आहे. ते समजलं की सनावळी पाठ करावी लागत नाही.

अगदी जुन्या काळात, कोफुन थडग्यांभोवती मांडलेल्या हानिवा नावाच्या मातीच्या पुतळ्यांत, पुरुषांचे केस मधोमध भांग पाडून दोन्ही कानांशी वळसे घालून बांधलेले दिसतात. त्या रचनेला मिझुरा म्हणतात. तेव्हा सामुराई हा वर्ग जन्मलाच नव्हता. पुढे चीनच्या धर्तीवर दरबार उभा राहिला, ६०३ साली दर्जाप्रमाणे टोप्या ठरल्या, आणि ६८२ साली सम्राट तेन्मूने केस बांधण्याचा हुकूम काढला. टोपी नीट बसायची तर केस डोक्यावर एका गाठीत हवेत. मोतोदोरी रुळली ती या टोपीखाली.

हेइआन आणि कामाकुरा काळात, म्हणजे साधारण तेराव्या शतकापर्यंत, पुरुषाच्या डोक्यावर एबोशी ही काळी उंच टोपी असायची. उघड्या डोक्याने चारचौघांत दिसणं ही मोठी नामुष्की. त्या काळच्या कारागिरांच्या एका चित्रगुंडाळीत जुगारात सगळं हरलेला माणूस दाखवला आहे. अंगावर कपडा नाही, पण एबोशी आहे. या काळातला सामुराई काढायचा असेल तर त्याला भादरलेलं डोकं देऊ नका. टोपी द्या.

मग लढाईत काय करायचे? जुन्या शिरस्त्राणांच्या माथ्यावर तेहेन नावाचं चांगलं मोठं भोक असायचं. मऊ एबोशीत गुंडाळलेली मोतोदोरी त्या भोकातून वर काढली की शिरस्त्राण डोक्यावर घट्ट बसे. केसांची गाठ हीच त्याची खुंटी होती. पुढे गाठ सोडून केस मोकळे ठेवून शिरस्त्राण घालायची पद्धत आली. क्योतोच्या राष्ट्रीय संग्रहालयात चौदाव्या शतकातल्या एका घोडेस्वाराचं प्रसिद्ध चित्र आहे. तलवार खांद्यावर, भात्यातला एक बाण मोडलेला, आणि केस पूर्ण विस्कटलेले, मोकळे. लढाईतून नुकताच बाहेर आलेला माणूस. ते केस नुसते अस्ताव्यस्त नाहीत. शिरस्त्राणाखाली ते तसेच मोकळे असत.

पण लोखंडी शिरस्त्राणाखाली डोकं तापतं, घाम साचतो. म्हणून मधले केस काढून टाकायची रीत पडली. साकायाकीचा उल्लेख बराच जुना आहे. ११७६ सालच्या आपल्या रोजनिशीत कुजो कानेझाने या दरबारी सरदाराने ताइरा नो तोकितादाची साकायाकी बघवत नाही, अशी नोंद केली आहे. पण तेव्हा ती लढाईपुरती होती. मोहीम संपली की केस वाढू द्यायचे. पंधराव्या-सोळाव्या शतकात, सेनगोकु काळात, लढाया संपेचनात. मग वाढू कधी द्यायचे? भादरलेलं डोकं रोजचं झालं. त्यानंतर एबोशी रोजच्या वापरातून गेली आणि उघडं डोकं हे लाजेचं राहिलं नाही, ते योद्ध्याची ओळख झालं.

इथे एक बारकावा आहे. सुरुवातीला हे केस भादरत नसत, चिमट्याने उपटत. पोर्तुगीज जेझुइट लुईश फ्रॉइशने १५८५ साली युरोप आणि जपानच्या रीतींची तुलना लिहिली, त्यात चिमट्याने केस उपटताना होणाऱ्या वेदना आणि डोळ्यांतल्या पाण्याचा उल्लेख आहे. वस्तरा रूढ करण्याचं श्रेय ओदा नोबुनागा या सोळाव्या शतकातल्या बलाढ्य सरदाराला देतात. ती आख्यायिकाही असेल, पण वस्तरा रुळला तो त्याच सुमाराला. सोळाव्या शतकाच्या मध्यावरचा तरुण सैनिक रंगवत असाल तर त्याची टाळू काचेसारखी गुळगुळीत करू नका. लालसर, सुजट ठेवा.

पायरी तिसरी: आता गाठीकडे या

गाठ उभी आहे की आडवी, जाड आहे की बारीक, टोक कुठे आहे?

उभी गाठ, दोरा गुंडाळलेली आणि वर केसांचा झुपका मोकळा सोडलेला, अशी दिसली तर ती चासेन-मागे. चासेन म्हणजे चहा घुसळायची बांबूची रवी. हुबेहूब तशीच दिसते. तरुण नोबुनागाच्या गाठीवर लाल आणि हिरवे दोरे गुंडाळलेले असत, असं त्याच्या पदरी असलेल्या ओता ग्यूइचीने लिहून ठेवलं आहे. सोळाव्या शतकासाठी ही गाठ डोळे झाकून वापरावी. नोबुनागाचं १५८३ सालचं, म्हणजे मृत्यूनंतर वर्षभराने कानो मोतोहिदेने काढलेलं चित्र आइची प्रांतातल्या चोकोजी मंदिरात आहे. त्यात रुंद साकायाकी स्वच्छ दिसते. मी सोळाव्या शतकातलं कपाळ काढायला शिकले ते त्या चित्रावरून.

एदो काळात, १६०३ नंतर, शांतता आली. शिरस्त्राण कोठीत गेलं, साकायाकी मात्र राहिली. मूळ कारण संपलं आणि रीत आणखी घट्ट झाली, कारण आता ती दर्जाची खूण होती. गाठ दुमडून पुढे आली. टोक गिंको झाडाच्या पानासारखं पसरतं म्हणून त्या घाटाला इचो म्हणतात. सामुराईची गाठ जाड, सरळ, टोक ताठ. बाजूचे आणि मानेवरचे केस घट्ट ओढलेले. व्यापारी आणि कारागिरांची गाठ लहान, आणि मानेवरचा ताबो थोडा फुगवून खाली सोडलेला. लाकडी ठशांच्या चित्रात तलवार झाकली तरी मानेवरची रेघ बघून माणूस कोण ते कळतं. रेघ सरळ वर गेली तर सामुराई, पोट काढून वळली तर बहुधा शहरी धंदेवाला.

फॅशन अर्थात होतीच. १७३६ ते १७४१ या गेन्बुन काळात गाठीचं मूळ उंच उचललेली बुनकिन पद्धत आली. तिचं नाव त्या काळच्या सोन्याच्या नाण्यावरून पडलं. १७७०-८० च्या दशकांत होन्दा-मागे आली. साकायाकी खूप रुंद, बाजूचे केस अगदी बारीक पट्टीइतके, आणि गाठ सुतळीएवढी, उंच. ती छानछोकीतल्या तरुणांची. गंभीर, वयस्क अधिकाऱ्याला ती देऊ नका.

पायरी चौथी: भादरलेलं नसेल तर माणूस कोण?

साकायाकी नसणं हीसुद्धा माहिती आहे. कपाळावर केस आणि मागे गाठ असा मुलगा दिसला तर त्याचा गेन्पुकु, म्हणजे वयात येण्याचा संस्कार, अजून झालेला नाही. पुढचे केस, माएगामी, त्या संस्कारात काढत. त्याआधी एक मधला टप्पाही होता. कपाळाच्या दोन्ही कोपऱ्यांत वस्तरा फिरवून केसांची रेघ चौकोनी करत. चित्रातला चौकोनी कपाळाचा पोरगा म्हणजे अर्धवट मोठा झालेला.

सगळे केस राखून मागे ओढून बांधलेले असतील तर त्याला सोहात्सु म्हणतात. वैद्य, विद्वान, डोंगरात तप करणारे यामाबुशी आणि पुष्कळ रोनिन, म्हणजे धनी नसलेले सामुराई, असे केस ठेवत. दरबारी सरदारही साकायाकी ठेवत नसत, हे विसरू नका. खाली त्याचं उदाहरण येईलच.

अर्धवट वाढलेले खुंट असतील तर तो आजारी आहे, नजरकैदेत आहे किंवा शोकात आहे. शोगुन, म्हणजे देशाचा लष्करी शासक, वारला की ठरावीक दिवस साकायाकी भादरायला मनाई असे. कथा लिहिणाऱ्यांनी इथे थोडा हिशोब करावा. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतात. पन्नास दिवसांची कैद म्हणजे दीडेक सेंटिमीटर, शंभर दिवस म्हणजे तीन. आणि कपाळावरचे केस मागच्या गाठीपर्यंत पोचायला वीस-पंचवीस सेंटिमीटर लागतात, म्हणजे दोन वर्षं. धन्याचं घराणं बुडालं आणि पुढच्याच महिन्यात नायक लांब केस मागे बांधून फिरतोय, असं लिहू नका. काबुकी या जपानच्या पारंपरिक नाटकात पन्नास दिवसांचा आणि शंभर दिवसांचा असे टोपच असतात. शंभर दिवसांचा टोप इशिकावा गोएमोनसारख्या दरोडेखोराच्या भूमिकेत दिसतो. तो खऱ्यापेक्षा कितीतरी मोठा, झाडासारखा फुललेला असतो. रंगमंचावर तो शोभतो, वास्तववादी चित्रात नाही.

पायरी पाचवी: गाठ बांधायची कशी

हे हातांनी करून बघा, निदान मनात तरी. गाठ कशी बांधतात हे कळल्याशिवाय ती चित्रात नीट बसत नाही.

जुनी गाठ आधी सोडायची. कागदी दोरा कापून टाकतात, तो पुन्हा वापरायचा नसतो. मोठ्या दातांच्या फणीने गुंता काढायचा, मग बारीक फणीने जुनं मेण, कोंडा, धूळ. कोमट पाण्याने टाळू चांगली भिजवायची, कारण कोरड्या केसावर वस्तरा ओढला तर कातडी सोलते. कपाळापासून मागे भादरत जायचं. साकायाकीची कड कानशिलांजवळ दोन्हीकडे सारखी आली पाहिजे. चांगल्या कामियुइची, म्हणजे न्हाव्याची, परीक्षा तिथे होते.

मग बिन्त्सुके. हाझे झाडाच्या फळाचं मेण आणि तेल एकत्र करून केलेली घट्ट, सुगंधी वडी. ती केसांना थेट लावत नाहीत. तुकडा तळहातावर घेऊन दोन्ही तळवे घासायचे, अंगाच्या उबेने ती मऊ होते, आणि तसे हात केसांवरून मुळापासून टोकाकडे फिरवायचे. फणी फिरली की केस एकेक न राहता लाखेच्या पत्र्यासारखे एकसंध दिसतात. चित्रात बाजूच्या केसांना सुटे केस न दाखवता एकच चमकती पट्टी दाखवा, असं मी म्हणते ते यामुळे.

आता बाजूचे, मागचे केस टाळूच्या मागच्या उंचवट्यावर गोळा करायचे आणि मोतोयुइने बांधायचे. मोतोयुइ म्हणजे पीळ घातलेल्या कागदाचा दोरा. नागानो प्रांतातलं ईदा गाव त्यासाठी नावाजलेलं. बांधणाऱ्याचे दोन्ही हात केसांत गुंतलेले असतात, म्हणून दोऱ्याचं एक टोक दातांत धरून ताण देतात. वेढे एकमेकांना लागून, पांढरे, स्वच्छ. काळ्या केसांत ती पांढरी रेघ दिसलीच पाहिजे. चित्रात तीच नेहमी राहून जाते.

मूळ पक्कं झालं की शेपटी आधी मागच्या बाजूला वळवायची, मग दुमडून पुढे टाळूवर आणायची आणि घडीवर पुन्हा बांधायचं. पुढे आलेलं टोक, हाकेसाकी, कात्रीने सरळ कापायचं. ते साकायाकीवर अलगद टेकतं. दाबून चिकटवलेलं नसतं. गाठीखाली थोडी सावली पडते. ती सावली दाखवली की गाठीला वजन येतं.

हे सगळं टिकवायचं तर झोपतानाही सांभाळावं लागे, म्हणून मानेखाली उंच, पेटीसारखी उशी. आणि टाळूवर दोन दिवसांत खुंट येतातच. श्रीमंत सामुराईचं हे काम नोकर करी, गरिबाच्या घरात बायको. शहरातले लोक कामियुइच्या दुकानात जात, आणि तिथे पाळी येईपर्यंत गप्पा, बुद्धिबळासारखा शोगीचा डाव, गावच्या बातम्या असं सगळं चाले.

पायरी सहावी: १८५३ नंतरचे फोटो

इथून पुढे चित्रांबरोबर फोटो मिळतात आणि गोंधळही वाढतो, कारण वीस वर्षांत सगळं बदललं. एदोत, म्हणजे आजच्या टोकियोत, १८५६ साली कोबुशो ही शोगुनची लष्करी शाळा सुरू झाली. तिथल्या तरुणांनी साकायाकी अरुंद केली, मधोमध एक पट्टी, आणि गाठ जाड. अरुंद पट्टी दिसली तर शेवटचा काळ समजा.

शोगुनविरोधी तरुणांत सोहात्सु पसरला. साकामोतो र्योमाचा नागासाकीत उएनो हिकोमाच्या स्टुडिओत काढलेला फोटो नीट बघा. पायांत बूट, हात छातीशी कपड्यात खुपसलेला, आणि केस न भादरता मागे ओढलेले, बटा सुटलेल्या. मेण लावून घट्ट बसवलेल्या डोक्याशेजारी हे डोकं ठेवलं की धन्याची चाकरी सोडलेला माणूस लगेच कळतो.

१८६४ साली युरोपला निघालेल्या शिष्टमंडळाचा इजिप्तमध्ये स्फिंक्ससमोर अंतोनियो बेआतोने काढलेला फोटो आहे. त्यातल्या सामुराईंना तलवारी, पोशाख, केस यातलं काहीच सोडावंसं वाटलेलं नव्हतं. सात वर्षांनी, २३ सप्टेंबर १८७१ ला, सानपात्सु दात्तोरेइ हा फतवा निघाला. त्याने केस कापायची आणि तलवार न बाळगायची परवानगी दिली. सक्ती केली नाही. हे पुष्कळ ठिकाणी चुकीचं लिहिलेलं आढळतं. तलवारीवरची बंदी १८७६ सालची. आखूड केसांच्या डोक्याला झानगिरी म्हणत, आणि झानगिरी डोक्यावर टिचकी मारली तर सुधारणेचा आवाज येतो, अशी म्हण तेव्हा लोकांच्या तोंडी होती.

आता इवाकुरा तोमोमीचा फोटो. जपानच्या नव्या सरकारने परदेशी पाठवलेल्या शिष्टमंडळाचा हा प्रमुख. १८७२ च्या सुरुवातीला सॅन फ्रान्सिस्कोत काढलेला, पाच जणांचा. चौघे पाश्चात्त्य पोशाखात, आणि मधोमध बसलेला इवाकुरा जपानी वस्त्रांत, डोक्यावर गाठ, पायांत मात्र कातडी बूट. या गाठीला सामुराईची गाठ म्हणतात, ते चूक. इवाकुरा दरबारी सरदार होता, त्याच्या कपाळावर साकायाकी नाही. पहिली पायरी, कपाळ, इथेच उपयोगी पडते. पुढे शिकागोत त्याने ती गाठ कापली. अमेरिकेत शिकणाऱ्या त्याच्या मुलांनी त्याचं मन वळवलं, असं सांगतात. सम्राट मेइजीने मार्च १८७३ मध्ये केस कापले, आणि त्यानंतर गाठ ठेवणं हे मागासलेपण मानलं जाऊ लागलं. १८७६ साली कुमामोतोत शिनपूरेन नावाच्या गटाने बंड केलं. तलवार आणि गाठ सोडायला ते तयार नव्हते.

नाटकासाठी करायचं असेल तर

हौशी नाटकात लोक केसांचा बुचडा बांधून मोकळे होतात. तसं करू नका. नटाचे केस आधी चापून बसवा, वर कातडीच्या रंगाची टक्कल-टोपी, तिची कड कपाळावर नीट मिसळा. काबुकीत नट हाबुताए या रेशमी कापडाने डोकं बांधतात. टोप त्या नटाच्या डोक्याच्या मापाने ठोकलेल्या तांब्याच्या पत्र्यावर उभारलेला असतो. आपल्याला तांबं परवडणार नाही, पण कल्पना घेण्यासारखी आहे: टोप आधी डोक्यावर बसला पाहिजे, केस नंतर. साकायाकीला निळसर छटा द्या. काबुकीतही ती निळी रंगवतात, कारण ताज्या भादरलेल्या डोक्याला खरोखरच निळी झाक असते. नुसता गोरा रंग दिला तर माणूस टकला दिसतो, भादरलेला नाही.

जिवंत गाठ बघायची असेल तर सुमो बघा. फतव्यानंतरही पहिलवानांची गाठ राहिली. ती बांधणाऱ्यांना तोकोयामा म्हणतात आणि त्यांची व्यावसायिक नावं तोको या शब्दानेच सुरू होतात. वरच्या दोन वर्गांतले पहिलवान कुस्तीच्या वेळी ओइचो, म्हणजे मोठं गिंकोचं पान, बांधतात. बाकीच्यांची साधी चोनमागे. मात्र सामुराई काढताना ओइचो जशीच्या तशी उचलू नका. तिच्यात पुढे साकायाकी नसते आणि बाजू फुगवलेल्या असतात. केस फार दाट असतील तर गाठ नीट बसावी म्हणून टाळूवर आतल्या आत थोडं भादरतात, पण ते बाहेरून दिसत नाही. तोकोयामाचे हात मात्र जरूर बघा. तळव्यांवर मऊ होणारं मेण, दातांत धरलेला दोरा, बाजू उचलायची धातूची सळई. पहिलवान निवृत्त होतो तेव्हा पाहुणे एकेक करून सोनेरी कात्रीने गाठीखालचे थोडे थोडे केस कापतात, आणि शेवटची कात्री त्याचा उस्ताद चालवतो.